पट्टी बाहेर

३ मे

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली आहे. एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीतून अर्धी बाहेर लटकणारी माझी कायाक. खोलीच्या मालकाने पहिल्याच दिवशी विचारलं, होडी कुठे झोपणार आणि तू कुठे झोपणार?

भावोजी, हे तुम्हीच मोठ्याने वाचताय ना? तुमच्या उच्चारबाईंनी सांगितलंय तसं, एकेका शब्दावर बोट ठेवून, ताईला स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं? फोनवर तुमचे शब्द हरवतात पण कागदावर सापडतात, असं बाई म्हणाल्या तेव्हाच मी ठरवलं होतं की इथून पत्रंच लिहायची. आणि प्रत्येक पत्रात तुमच्या वाटेत एक दगड ठेवायचा. आजचा दगड : किंकर्तव्यविमूढ. हसू नकोस ताई, त्यांना जमेल.

नदी आपल्या नदीहून रुंद नाही, पण पाणी बर्फाचं आहे. तासाभराने बोटं वल्ह्यावरून एकेक करून सोडवावी लागतात. शर्यत चोवीस जूनला. साडेचार मिनिटांची वाट, तीन धबधबे. एका वेळी एकच जण निघतो, पुढचा एका मिनिटाने. शेवटच्या धबधब्याला इथले लोक जबडा म्हणतात. काल मास्तरांनी मला त्याच्या काठावर दोन तास नुसतं उभं केलं. मास्तर म्हणजे इथले प्रशिक्षक. साठी उलटलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण ओरडले की पाण्याच्या आवाजातूनही ऐकू येतं. दोन तासांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, भीती. म्हणाले, ठीक आहे, उद्या ये.

इथे एक-दोघांनी विचारलं, तुमच्या निवड चाचणीत पहिला आलेला तो कुठे आहे? मी म्हटलं, आजारी आहे. भावोजी, ही जागा तुमची आहे. पावणेदोन सेकंदांनी तुम्ही ती माझ्याकडून घेतली होती. मी ती फक्त वापरतोय. हे तुम्ही वाचताना मला कसंनुसं होणार आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमचा,
धाकटा


१५ मे

धाकट्या,

तुझा दगड ओलांडायला एकोणीस मिनिटं लागली. 'किंकर्तव्य' पर्यंत गाडी बरी चालली होती, 'विमूढ'ला रुसली. तिसऱ्या खेपेला पूर्ण शब्द आला तेव्हा तुझे भावोजी इतके खूश झाले की दूधवाल्यालाही ऐकवला. आता रोज सकाळी मला तेच म्हणतात. चष्मा सापडत नसला तरी किंकर्तव्यविमूढ आणि चहा गार झाला तरी किंकर्तव्यविमूढ.

डावा हात खांद्यापर्यंत येतो, वर जात नाही. लिफाफा मात्र तेच फाडतात, तो हाताचा व्यायाम आहे. टपाल आलं की मी हात लावायचा नाही, असा घरात कायदा झालाय. लिफाफ्याच्या चिंध्या होतात, आतलं पत्र वाचतं हे नशीब. त्या दिवसाचं अजून काहीच आठवत नाही. सकाळी बूट घातले इथपर्यंत आठवतं आणि मग एकदम दवाखान्याचं छत. डॉक्टर म्हणतात, डोक्याला तीन मिनिटं हवा मिळाली नाही, तेवढा तुकडा गेला तो गेला.

पुढचं पान मी ते दुपारी झोपल्यावर लिहितेय आणि त्यांना दाखवणार नाही.

मी आता कचेऱ्यांचे पडदे शिवते. सरळ शिलाई, डोकं लागत नाही. पडदेवाल्या मालकाने परवा विचारलं, आधी काय शिवायचीस? म्हटलं, घेर. त्याला वाटलं घागऱ्याचा. मग समजावून सांगितलं, की होडीत बसणारा तो कमरेला घालतो, त्याची रबरी कड होडीच्या तोंडावर ताणून बसवतो, म्हणजे आत पाणी येत नाही. पुढे एक पट्टी असते. होडी उलटली आणि सुलटी होईना, की पट्टी ओढायची, घेर सुटतो आणि माणूस बाहेर येतो. तो म्हणाला, आणि ओढूनही सुटला नाही तर? मी सुईत दोरा ओवायला घेतला.

आपल्या नौकानयन संघटनेच्या चौकशीचा अहवाल मला पाठ झालाय. 'सोबत्याने पट्टी बाहेर असल्याची खात्री केली होती. सबब, कडेचे रबर प्रमाणाबाहेर घट्ट असल्याने घेर सुटला नसावा.' घट्ट मीच केलं होतं. शर्यतीतले धबधबे उंच, घेर पाण्याने आत दबेल, म्हणून तुझे भावोजी मागे लागले की दोन बोटं कमी कर. ते हट्ट करणारच. पण शिवणारी मी होते, नाही म्हणणं माझं काम होतं. नऊ जणांनी माझे घेर परत आणून दिले. एकही वाईट बोलला नाही. नीट घडी घालून, पिशवीत घालून दिले. त्यापेक्षा तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं.

तू तिथे माझा घेर घालू नकोस. दुकानातला घे. तू त्यांना पाण्यातून ओढून काढलंस म्हणून ते आहेत, आता तुझ्या बाबतीत मला तो धोका पत्करायचा नाही.

तुझी,
ताई


२७ मे

ताई आणि भावोजी,

आजचा दगड : हस्तदंतमंजूषा. अर्थ विचारू नका, नुसतं म्हणा.

जबडा तीनदा उतरलो. पहिल्यांदा उलटा पडलो आणि वल्ह्याने सावरून सुलटा झालो. दुसऱ्यांदा नाक फुटलं. तिसऱ्यांदा मास्तर काही बोलले नाहीत, म्हणजे चांगलं झालं असावं. नाक आता पूर्वीपेक्षा बरं दिसतं असं मालकाचं मत आहे.

इथे प्रत्येक जण आपली पट्टी आपणच बघतो. आपली पद्धत मी मास्तरांना सांगितली, म्हणजे सोबत्याने पट्टीवर थाप मारून 'पट्टी बाहेर' म्हणायचं, बसलेल्याने 'बाहेर' म्हणायचं आणि त्याशिवाय कुणी काठ सोडायचा नाही. मला वाटलं, ते कौतुक करतील. ते म्हणाले, मग तुमच्यातला कुणी स्वतःच्या पट्टीकडे बघतच नसेल. मी म्हटलं, गरज पडत नाही. ते म्हणाले, आणि दुसरा विसरला तर? मी म्हटलं, बारा वर्षांत कुणी विसरलं नाही. त्यावर ते दुसऱ्याच विषयावर गेले, पण त्या दिवशी मी पाण्यात उतरलो नाही, पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

सोबतची चिठ्ठी ताईची. भावोजी, ही वाचू नका, यात बायकी गोष्टी आहेत.

*

ताई, तुझा घेर मी रोज घालतो आणि तो एका ओढीत सुटतो. तू ते दोन बोटांचं डोक्यातून काढून टाक. चूक कुणाचीच नव्हती. पाणी होतं आणि नशीब होतं. संघटनेतल्या तिघांना काहीतरी लिहायचं होतं, ते त्यांनी लिहिलं. तू घरच्या शिलाई यंत्रावरचं कापड काढ आणि पूर्वीसारखं काम सुरू कर. हे मी तुला हात जोडून सांगतोय.

धाकटा


९ जून

धाकट्या,

मंजूषा झाली, हस्तदंत अजून दाताखाली येतोय.

हे पत्र मी पडद्यांच्या दुकानात लिहितेय.

तू लिहिलंस की घेर एका ओढीत सुटतो. तुझं माप वेगळं, त्यांचं वेगळं. म्हणून मी तो घेर बाहेर काढला. तोच, त्या दिवशीचा. आठ महिने पिशवीत होता. त्यांची होडी टपावर बांधून पोहण्याच्या तलावावर नेली. तिथल्या पहारेकरीण बाई ओळखीच्या आहेत, त्यांनी दुपारी तलाव रिकामा असताना येऊ दिलं. सतरा वर्षं मी हे घेर शिवले, आणि होडीत बसले त्या दिवशी पहिल्यांदा. बाईंनी छातीभर पाण्यात उभं राहून मला उलटं केलं. नाकातोंडात पाणी गेलं, मी पट्टी ओढली, घेर सुटला. पुन्हा बसले. बावीस वेळा उलटी झाले, धाकट्या. शेवटी शेवटी बाई म्हणाल्या, मावशी, तुम्हाला काय सिद्ध करायचंय? बावीसही वेळा सुटला. माझ्या हातात जोर किती, त्यांच्या हातात किती! त्यांना तर एका बोटाने जमलं असतं.

मग मी तेविसाव्या वेळी पट्टी आत दुमडून घेर बसवला. बाईंना सांगितलं, दहा मोजा आणि मला काढा. कड चाचपली, नखं लावली, दोन्ही हातांनी ओढली. हलली नाही. दहा आकडे किती लांब असतात ते मला कळलं. वर आल्यावर मी रडले ते पाण्याने की कशाने, बाईंनी विचारलं नाही.

मला तुझ्यावर संशय नाही. तू चौकशीत सांगितलंस, पट्टी पाहिली होती, ती बाहेर होती. पण काठ सोडल्यावर ती आत जाऊ शकते का? वल्ह्याने, गुडघ्याने? मी करून बघितलं, जात नाही. मग मला एकच विचारायचंय, आणि तू एका शब्दात उत्तर दिलंस तरी चालेल. त्या दिवशी तू पट्टीवर थाप मारली होतीस ना?

ताई


८ जून

ताई,

हे पत्र भावोजींना वाचायला देऊ नकोस. तू एकटी वाच, बसून वाच.

मला कुणी काही विचारलेलं नाही. मी आपणहून सांगतोय. हे आधी लक्षात घे, मग बाकीचं वाच.

मी पट्टी बघितली नव्हती.

निवड चाचणी होऊन दोनच दिवस झाले होते. पावणेदोन सेकंद माझ्या घशात अडकले होते. बारा वर्षं आम्ही बरोबर उतरलो, होडी कशी वळवायची ते मी त्यांना शिकवलं, आणि जागा त्यांना मिळाली. त्या सकाळी ते गाडीत शीळ घालत होते. चिडवायला नव्हे, त्यांना सवयच आहे, तुला ठाऊक आहे. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काठावर ते होडीत बसले, घेर लावला आणि माझ्याकडे बघून थांबले, थाप मारायची वाट बघत. मी दोराची गाठ सोडवत असल्याचं नाटक केलं. ते म्हणाले, काय रे, बाहेर ना? मी मान वर न करता म्हणालो, बाहेर.

एवढंच. मी बघितलंच नाही. दोन पावलं चालायची होती, तीही जिवावर आली. ते बुडावेत असं माझ्या मनात नव्हतं, एवढ्यावर तरी विश्वास ठेव. मला फक्त त्यांच्यासाठी वाकायचं नव्हतं.

मग ते उलटले आणि वर आले नाहीत. मी उडी मारली, चाकूने घेर फाडायला गेलो तेव्हा कडेवर हात फिरवला. पट्टी आत होती. ओढून काढायच्या गडबडीत कड सुटली आणि पट्टी बाहेर आली, म्हणून नंतर कुणाला काही दिसलं नाही. वर्तमानपत्राने लिहिलं, जिवावर उदार होऊन मेहुण्याला वाचवलं. ते कात्रण तू फ्रिजवर लावलंस. चौकशीच्या खोलीत तिघं जण बसले होते, एकाने विचारलं, पट्टी पाहिली होती? मी हो म्हणालो. तो हो तुझ्यावर जाऊन पडेल हे तेव्हा सुचलं नाही. अहवाल आल्यावर सुचलं. तेव्हा बोलता आलं असतं. नऊ जणांनी घेर परत आणले, त्यांतले दोन मी स्वतः तुझ्या कपाटात ठेवले, आणि तोंडातून ब्र काढला नाही.

तुझे हात निर्दोष आहेत. घेर चांगला होता. मी वाईट होतो.

शर्यत मी करणार आहे. का ते मलाही नीट सांगता येणार नाही. परत आल्यावर तू म्हणशील ते करीन.

धाकटा


२६ जून

ताई,

शर्यत झाली. तुझं नऊ तारखेचं पत्र काल, शर्यतीनंतर हातात पडलं. खालचा पूल खचल्याने दोन आठवडे या खोऱ्यातलं टपाल अडकून पडलं होतं, त्यामुळे माझंही एक पत्र तुला उशिरा मिळेल. ते मिळालं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. तलावातलं वाचून मी खाटेवर बसून राहिलो. तू बावीस वेळा उलटी झालीस माझ्या एका शब्दापायी.

मी तिसरा आलो.

हे लिहायलाही लाज वाटते. खरं सांगतो, वर उभा होतो तेव्हा मला वाटलं होतं, की आज भावोजींचा चेहरा डोळ्यांपुढे येणार, मी गडबडणार, आणि तेच बरं होईल. माझ्या आधीची मुलगी गेली. मी पट्टी बघितली. चारदा बघितली, सुटायची वेळ सांगणारा वैतागला. मग निघालो आणि पहिल्या वळणानंतर काही उरलंच नाही. भावोजी नाहीत, तू नाहीस, मी केलेलं काही नाही. नुसतं पुढचं पाणी. जबड्याच्या कडेवरून सुटलो तेव्हा तर मी ओरडलो, आनंदाने. साडेचार मिनिटं मी सुखी होतो, ताई. खाली थांबलेल्या पाण्यात येऊन हेल्मेट काढलं, लोक टाळ्या वाजवत होते, मास्तर गुडघे विसरून धावत आले, आणि तेव्हा एकदम सगळं परत आलं. दुसऱ्याच्या ताटात जेवून वर ढेकर दिल्यासारखं वाटलं.

पदक खोलीच्या मालकाकडे ठेवलंय. माझ्या खोलीत नको होतं.

मास्तरांनी ऑगस्टअखेरपर्यंत हाताखाली काम दिलंय, नवशिक्यांना शिकवायचं. तू बोलावलंस तर लगेच येतो.

धाकटा


८ जुलै

धाकट्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. आधीचं दोन तारखेला आलं.

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली पोस्टमन आला, तुझे भावोजी दारातच होते. घरातला कायदा तुला माहीत आहे. लिफाफा त्यांनी फाडला आणि उत्साहाने मोठ्याने सुरू केलं, 'ताई, हे पत्र... भावोजींना... वाचायला... देऊ नकोस.' मला वरून ऐकू आलं. त्यांना वाटलं, तुझी नेहमीची थट्टा. हसले आणि पुढे वाचायला लागले. मी जिना उतरत होते. अर्ध्या जिन्यावर होते तेव्हा 'मी पट्टी बघितली नव्हती' आलं. मला वाटलं, कागद हिसकावून घ्यावा. पण ते थांबले नाहीत, आणि मलाही हात लांब करता आला नाही. सगळं पत्र वाचून व्हायला पंचेचाळीस मिनिटं लागली. 'तिळपापड'ला अडखळले, तो शब्द मी सांगितला. मी माझ्याच नवऱ्याला त्या वाक्यात मदत केली, याचा मला अजून राग येतो.

आता मला काय वाटतं ते ऐक. तीन दिवस या घरात तुझं नाव निघालं नाही. फ्रिजवरचं कात्रण मी फाडलं. दहा आकडे पाण्याखाली मोजताना मला वाटत होतं, की हे मी त्यांना केलं. आठ महिने मला तसं वाटत होतं, आणि इथे होतास तोवर तू रोज संध्याकाळी माझ्या घरी येऊन, माझ्या हातचा चहा पिऊन, मला समजावत होतास की ताई, मनाला लावून घेऊ नकोस. ते समजावणं मला सगळ्यात जास्त लागतंय. थाप मारली नाहीस ते समजू शकते. तू चार वर्षांचा असल्यापासून रुसतोस, रुसलास की मान वर करत नाहीस, आणि आईने तुझे तसेच लाड केले. त्या खोलीत घाबरून हो म्हणालास तेही समजू शकते. पण तो चहा नाही समजू शकत.

चौथ्या दिवशी तुझे भावोजी म्हणाले, 'आधी... सांगितलं.' मला कळेना. त्यांनी दोन पत्रं शेजारी ठेवली, माझ्या वहीतली माझ्या पत्राची नक्कल आणि तुझं पत्र, आणि तारखांवर बोट ठेवलं. नऊ. आठ. पुन्हा म्हणाले, 'विचारायच्या... आधी.' मग कितीतरी वेळ शब्द शोधून म्हणाले, 'पट्टी... माझी होती. मी... बघायची.'

मी तुझं पत्र तेव्हा पुन्हा वाचलं. खरंच, माझा प्रश्न तुझ्या हातात पडायच्या कितीतरी आधी तू ते लिहिलंस. पूल खचला नसता तर मी तलावावर असताना ते वाटेत असतं. कुणी पकडलं नव्हतं, कुणी बोट दाखवलं नव्हतं, शर्यत तोंडावर होती, गप्प बसला असतास तर आम्हाला जन्मभर कळलं नसतं. तरी बोललास. उशिरा बोललास, पण आपणहून. धाकट्या, मी सध्या एवढ्या एकाच गोष्टीवर पाय रोवून उभी आहे. बाकी सगळं अजून हलतंय.

मी काल यंत्रावरचं कापड काढलं. तेल घातलं. नऊ जणांना अजून काही सांगितलेलं नाही, संघटनेलाही नाही. ते तू करायचंस.

ऑगस्ट संपला की ये. थेट इथेच ये. भांडायचं ते समोर भांडू. हे म्हणतात, पदक घेऊन ये, त्यांना हातात धरून बघायचंय.

तुझी,
ताई


१९ जुलै

ताई, भावोजी,

हे पत्र दोघांनी मिळून वाचा. भावोजी, मोठ्याने वाचा.

संघटनेला मी आज सकाळी लिहिलं. काय घडलं ते सगळं लिहिलं, कुणालाही दाखवा म्हणून लिहिलं. त्याची प्रत सोबत आहे. नऊ जणांना नऊ पत्रं टाकली. ती त्यांना या पत्राच्या एक-दोन दिवस आगेमागे मिळतील, कारण इथून टपाल पोचायला दहा-बारा दिवस लागतात. नेहमीच तेवढे लागतात.

पूल खचला नव्हता. तो शाबूत आहे, मी आत्ता त्याच्यावरूनच टपालपेटीकडे जाणार आहे.

तुझं नऊ तारखेचं पत्र मला वीस जूनला मिळालं, शर्यतीच्या चार दिवस आधी. मी ते जिन्यात उभं राहून वाचलं. आधी मला वाटलं, लिहावं की हो, थाप मारली होती. कागद घेतला, 'हो' लिहिलंही. मग तू पाण्याखाली मोजलेले दहा आकडे डोळ्यांपुढे आले आणि तो कागद फाडला. तुला आता कळणारच हे दिसत होतं. तू बावीस वेळा करून बघणारी बाई, चोविसावी गोष्ट तू शोधून काढली असतीस. तेव्हा मी खरं ते सगळं लिहायला बसलो. एक शब्द खोटा लिहिला नाही. लिहून झाल्यावर वर तारीख घालायची राहिली होती. वीस लिहिणार होतो. माझ्या हाताने आठ लिहिलं, आणि मग वरच्या ओळीत जागा होती तिथे घातलं, मला कुणी काही विचारलेलं नाही. पुलाचं सव्वीस तारखेला सुचलं.

मला वाटलं होतं, एवढीशी तारीख, तिने कुणाचं काय बिघडतं. निदान ताईला मी थोडा बरा वाटेन. काल तुझं पत्र आलं. तू त्याच तारखेवर उभी आहेस. भावोजींनी त्याच आकड्यावर बोट ठेवलं. ते वाचून मी खाली दुकानात जाऊन बसलो, मालक चाक फिरवत होता. मी हे सांगितलं नसतं तर चाललं असतं. लिफाफ्याच्या चिंध्या झाल्या, टपालाचा शिक्का कुणी बघितला नाही. मी ऑगस्टअखेर आलो असतो, तू भांडली असतीस, भावोजींनी पदक हातात धरलं असतं, आणि तू मला चहा दिला असतास.

तो चहा आता मला घेता येणार नाही.

मी येईन की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. ये म्हणालात तर येईन, नको म्हणालात तर कळवलं नाहीत तरी चालेल. पण जे काय ठरवाल ते खऱ्या तारखेवर ठरवा. तू विचारलंस म्हणून मी सांगितलं, ताई. विचारलं नसतंस तर सांगितलं नसतं. हे मला आधीपासून माहीत होतं, आता तुम्हालाही माहीत आहे.

धाकटा